हाकेला ओ

मिसिसिपी राज्यातलं क्लार्क्सडेल हे सुमारे १४,००० वस्तीचं गाव. रायन कूगलर यांचा ‘सिनर्स’ हा चित्रपट याच गावात, १९३२ सालच्या एका दिवसात आणि एका रात्रीत घडतो. १८ एप्रिल २०२५ रोजी तो अमेरिकेत प्रदर्शित झाला तेव्हा क्लार्क्सडेलच्या लोकांना तो आपल्या गावात पाहता येत नव्हता, कारण गावात चालू चित्रपटगृहच नव्हतं. चित्रीकरणही शेजारच्या लुइझियाना राज्यात झालेलं. शेवटी गावकऱ्यांनी कूगलर यांना जाहीर पत्र लिहून बोलावलं: या, आमच्यासोबत बसून पाहा. मे महिन्याच्या अखेरीस गावच्या सभागृहात विनामूल्य खेळ झाले. कूगलर, संगीतकार लुडविग योरान्सन आणि तरुण गायक-नट माइल्स केटन तिथे हजर होते.

या चित्रपटाला प्रेक्षकांनी दिलेल्या प्रतिसादाबद्दल बरंच लिहिलं गेलं, पण त्यातलं बहुतेक आकड्यांबद्दल होतं. आकडेही लक्षणीय होते. भयपटाची गर्दी दुसऱ्या आठवड्यात साधारण निम्म्यावर येते. इथे पहिल्या शनिवार-रविवारची सुमारे ४.८ कोटी डॉलरची कमाई दुसऱ्या खेपेला जेमतेम पाच-सहा टक्क्यांनी घटली. म्हणजे पाहून आलेल्यांनी इतरांना पाठवलं. मात्र कृष्णवर्णीय प्रेक्षक आणि भयपट यांचं नातं या आकड्यांहून फार जुनं आहे, आणि ते समजून घेतल्याशिवाय हा प्रतिसाद नीट वाचता येत नाही.

कथा थोडक्यात अशी. शिकागोतल्या टोळ्यांत पैसा कमावून परतलेले स्मोक आणि स्टॅक हे जुळे भाऊ एक जुनी लाकूड-गिरणी विकत घेतात आणि तिथे ज्यूक जॉइंट उघडतात. ज्यूक जॉइंट म्हणजे कापसाच्या मळ्यांत राबणाऱ्या कृष्णवर्णीयांनी शनिवारी रात्री जमायचं, प्यायचं, नाचायचं, ब्लूज ऐकायचं ठिकाण. त्यांचा चुलतभाऊ सॅमी हा धर्मोपदेशकाचा मुलगा. तो असा गातो, की काळाचा पडदा फाटतो आणि नाचणाऱ्यांच्या गर्दीत आफ्रिकेतले पूर्वज आणि अजून न जन्मलेले वंशज मिसळतात. तेच गाणं बाहेर अंधारात रेमिक नावाचं रक्तपिशाच्च ऐकतं. तो मूळचा आयरिश, त्याचीही भूमी आणि श्रद्धा परक्यांनी हिरावलेली. त्याला सॅमीचं गाणं हवं आहे. पण बोलावल्याशिवाय त्याला उंबरा ओलांडता येत नाही.

चित्रपटावरच्या दोन तक्रारी वारंवार ऐकू आल्या. पिशाच्चांसाठी आलेल्यांना पहिला तास लांबलेला वाटला. इतिहासासाठी आलेल्यांना पिशाच्चं उपरी वाटली. दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे: भय आणि इतिहास हे दोन वेगळे माल आहेत, अशी समजूत. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय प्रेक्षकाला ती चैन कधी परवडली नाही.

१९१५ साली ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ आला. त्यात तोंडाला काळं फासलेले गोरे नट कृष्णवर्णीयांना श्वापदांसारखे रंगवत होते आणि कू क्लक्स क्लॅनचे घोडेस्वार तारणहार ठरत होते. तो व्हाइट हाउसमध्ये दाखवला गेला, आणि त्याच वर्षी क्लॅनचं पुनरुज्जीवन झालं. गोऱ्या प्रेक्षकांसाठी तो वीरपट होता. ज्यांच्या दारात ते घोडेस्वार खरोखर येत, त्यांच्यासाठी भयपट. त्यांची प्रतिक्रिया रस्त्यावर उमटली. सहा वर्षांपूर्वीच स्थापन झालेल्या एनएएसीपी या संघटनेने देशभर निषेध केला, बॉस्टनमध्ये विल्यम मनरो ट्रॉटर यांनी निदर्शनांचं नेतृत्व केलं.

चित्रपटगृहातही बसण्याची जागा ठरलेली होती. दक्षिणेकडच्या राज्यांत वेगळ्या जिन्याने वर जायचं आणि सगळ्यात वरच्या सज्जात बसायचं. त्या सज्जाला कुचेष्टेनं ‘गिधाडांचा माळा’ म्हणत. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यापर्यंत ही कायदेशीर रीत होती. त्या माळ्यावरून खालच्या पडद्याशी जे बोललं जाई, ते असभ्यपणा म्हणून हिणवलं गेलं. पण ती सवय चर्चमधून आलेली. उपदेशक एक वाक्य म्हणतो, समोरची माणसं त्याला उत्तर देतात. गायक एक ओळ टाकतो, गिटार किंवा श्रोते ती उचलतात. या रीतीचं इंग्रजी नाव मराठीत आणायचं तर मला ‘हाक आणि ओ’ याहून जवळचं काही सापडत नाही. आपल्याकडचे झीलकरीही हेच करतात. ओ मिळाल्याशिवाय हाक पुरी होत नाही.

भयपटांना मिळालेली ओ या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. १९६८ च्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’मध्ये ड्वेन जोन्स या कृष्णवर्णीय नटाचा नायक रात्रभर प्रेतांशी झुंजून जिवंत राहतो आणि सकाळी ‘वाचवायला’ आलेल्या गोऱ्या बंदूकधाऱ्यांच्या गोळीने मरतो. त्याची प्रत न्यूयॉर्कला घेऊन जात असताना दिग्दर्शक जॉर्ज रोमेरो यांनी गाडीतल्या रेडिओवर मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येची बातमी ऐकली. १९७२ च्या ‘ब्लॅक्युला’चं नाव थट्टेचं, पण अभिनेते विल्यम मार्शल यांच्या आग्रहामुळे त्याचा नायक आफ्रिकी राजपुत्र झाला. तो गुलामांचा व्यापार थांबवण्यासाठी मदत मागायला ड्रॅक्युलाकडे जातो, आणि ड्रॅक्युला त्याला चावून आपलं नाव चिकटवतो. माणूस पळवायचा आणि त्याचं नावही बदलायचं: गुलामगिरीचा इतिहास इथे एका दृश्यात मावला आहे. १९७३ साली बिल गन यांचा ‘गांजा अँड हेस’ कान महोत्सवात दाखवला गेला. घरी मात्र निर्मात्यांनी तो मागे घेतला आणि कापून दुसऱ्या नावाने विकला.

२०१७ च्या ‘गेट आउट’ची अखेर तर प्रेक्षकांच्या श्वासावरच बेतलेली आहे. रक्ताने माखलेला कृष्णवर्णीय नायक, जमिनीवर गोरी स्त्री, आणि दुरून येणारे पोलिसी दिवे. पडद्यावर अजून काहीच घडलेलं नसतं, तरी पुढचं ठाऊक असल्यासारखं सभागृह गप्प होतं. मग गाडीतून नायकाचा मित्र उतरतो आणि सगळे सुटकेनं ओरडतात. जॉर्डन पील यांनी आधी नायकाला अटक होते असाच शेवट चित्रित केला होता. नंतर तो बदलला.

‘सिनर्स’ या मालिकेत एक भर घालतो, ती संगीताची. क्लार्क्सडेलजवळच्या स्टोव्हॉल मळ्यावर १९४१ साली मडी वॉटर्स यांचं पहिलं ध्वनिमुद्रण झालं. अॅलन लोमॅक्स यांचं नाव त्या कामामुळे जगभर झालं. त्याच मोहिमेतले फिस्क विद्यापीठाचे कृष्णवर्णीय अभ्यासक जॉन वर्क यांचं लिखाण मात्र प्रकाशात यायला २००५ उजाडलं. वॉटर्स १९४३ मध्ये शिकागोला गेले. १९१० ते १९७० या काळात सुमारे साठ लाख कृष्णवर्णीयांनी असं दक्षिण सोडलं. गाणं जगात पसरलं; त्याचा पैसा आणि श्रेय गाणाऱ्यांपर्यंत फार क्वचित पोहोचलं. रेमिक पडद्यावर येण्याआधीच तो या इतिहासात होता. २५ वर्षांनी चित्रपटाचे हक्क आपल्याकडे परत येतील, असा करार कूगलर यांनी केला. व्यवसायातल्या काहींना तो धोक्याचा वाटला. चित्रपट पाहिलेल्यांना त्या करारातली कळ सांगावी लागली नाही.

मराठीने या हाकेला याआधी ओ दिलेली आहे. अमेरिकेत शिकून आलेल्या म. ना. वानखेडे यांनी औरंगाबादच्या मिलिंद परिसरात कृष्णवर्णीय साहित्याची चर्चा रुजवली. १९७२ मध्ये दलित पँथरने नावच ब्लॅक पँथरवरून घेतलं. १९७८ मध्ये जनार्दन वाघमारे यांचं ‘अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती’ आलं. त्या शीर्षकातला शब्द आज आपण वापरत नाही, पण ते नातं अनुवादातून जुळलं आणि टिकलं. दोन्ही बाजूंना जे भोगलं त्याची ओळख होती, म्हणून टिकलं.

अनुवादक म्हणून या चित्रपटातला एक क्षण मला सगळ्यात भयंकर वाटतो, आणि त्यात रक्त नाही. गावातल्या चिनी किराणा दुकानदाराला, बो चाऊला, पिशाच्चं आपल्यात ओढतात. मग रेमिक दाराबाहेर उभा राहून बोच्या बायकोशी, ग्रेसशी, तिच्या चिनी बोलीत बोलू लागतो. भाषा शिकायचे कष्ट नाहीत, चुका नाहीत, वर्षं नाहीत. माणूस गिळला, भाषा आली. वर तो प्रेमाची, समतेची भाषा करतो: आत घ्या, आपण सगळे एक होऊ. रात्री एकदाच आलेल्या हाकेला ओ देऊ नये, असं आपल्याकडे आजीपणजी सांगत. बंगालीत त्याच भीतीला ‘निशीर डाक’ म्हणतात. हाक ओळखीच्या आवाजात येते, म्हणूनच ती धोक्याची. दुसऱ्याच्या कथा आपल्या भाषेत आणणाऱ्या प्रत्येकाने हे दार दोन्ही बाजूंनी पाहावं. गाणं ऐकून बाहेर थांबायचं, आतल्यांनी बोलावण्याची वाट पाहायची आणि आत गेल्यावर गाणाऱ्याचं नाव पुसायचं नाही, एवढं तरी आपल्या हाती असतं.

श्रेयनामावली सुरू झाल्यावर या चित्रपटात आणखी एक प्रसंग येतो, आणि पाहून आलेले लोक इतरांना बजावत होते, की उठू नका. शिकागो, १९९२. म्हातारा सॅमी एका क्लबात गिटार वाजवतो आहे. ही भूमिका बडी गाय यांनी केली आहे. ते स्वतः लुइझियानातून १९५७ मध्ये शिकागोला आलेले ब्लूजवादक. जुन्या ओळखीचे दोन पाहुणे त्याला न मरण्याचं वरदान देऊ करतात. तो नको म्हणतो. मग ते फक्त जुन्या पद्धतीचं गाणं मागतात, विजेवर न चालणाऱ्या गिटारवरचं. आणि तो ते वाजवतो. या वेळी कुणी त्याच्याकडून ते घेत नाही, तो देतो.