सात नंबरची नळी

भोंगा वाजला. उठा.

पहिल्या पाळीचा भोंगा आहे हा. एका गिरणीचा थांबायच्या आत दुसरीचा सुरू होतो, मग तिसरीचा. तुम्ही लालबागच्या एका चाळीत आहात. खोली दहा बाय बाराची, माणसं आठ. साल १९६० च्या आसपासचं, तुमचं वय अठरा, आणि तुम्ही इंटर सायन्सला आहात. बाकीच्या चौकशा नंतर. आधी बादली उचला, कारण गॅलरीच्या टोकाला नळावर रांग लागलीय आणि पाणी कुणासाठी थांबत नाही.

तोंड धुऊन परत येईपर्यंत आईनं स्टोव्हला पंप मारलाय. खोलीभर रॉकेलचा वास आणि स्टोव्हची घरघर, एकमेकांशी बोलायचं तर ओरडावंच लागतं. वडील रात्रपाळी करून आत्ताच आलेत. त्यांच्या भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर कापसाचे तंतू चिकटलेत. जर्मनच्या पातेल्यात पेज रटरटतेय, आणि बघता बघता ती उतू जाते. आई फडकं शोधते. तुम्ही ज्योतीकडे बघा. मीठ घातलेली पेज निळ्या ज्योतीवर ओघळली तिथं पिवळाधम्मक भडका उठला आणि विझला. हा पिवळा ध्यानात ठेवा. आज दिवसभर तो तुमचा पिच्छा सोडणार नाही.

आता जिना उतरून रस्त्यावर या. शिंक आली? येणारच. दिवाळी तोंडावर आलीय, मसाल्याच्या दुकानांत मिरची कुटायला सुरुवात झालीय आणि तिचा खकाणा थेट नाकात शिरतोय. ट्रामची घंटा खणखणते. पाळी संपलेले आणि पाळीवर निघालेले कामगार खांद्याला खांदा घासत समोरासमोरून जातात. ऑक्टोबरचं ऊन सकाळीच मानेवर चढलंय. गॅस कंपनीच्या गल्लीपाशी आलात की मिरचीच्या वासात डांबराचा वास मिसळतो. तिथं बंद भट्ट्यांत दगडी कोळसा तापवतात, त्यातून सुटणारा गॅस धुऊन साठवतात आणि जमिनीखालच्या नळांनी शहरात पाठवतात. १८६५ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले, तेव्हापासूनचा हा उद्योग. तुम्ही गिरगावला निघालात. गॅस तुमच्या आधीच निघालाय.

करी रोडचा पूल ओलांडून लोअर परळ गाठा. तिसऱ्या वर्गाच्या डब्यात पाय ठेवायला जागा मिळाली तर नशीब. खोबरेल तेल, घाम, कुणाच्या तरी डब्यातली बोंबलाची चटणी. जर्नल छातीशी घट्ट धरा, त्याच्यावर डाग पडला तर सर सही करणार नाहीत. महालक्ष्मी, बॉम्बे सेंट्रल, ग्रँट रोड, आणि चर्नी रोडला उतरताच तोंडावर खारा वारा येतो. ओठांवरून जीभ फिरवा. मीठ लागतंय ना? तुमच्या घामात तेच, या वाऱ्यात तेच.

चौपाटीच्या समोर विल्सन कॉलेज. डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये गिरगावात शाळा काढली, तिचंच पुढे हे कॉलेज झालं. ही दगडी गॉथिक इमारत १८८९ मधली. कमानीखालून आत शिरलात की अंग जरा निवतं. पण गारवा फार वेळ टिकत नाही, कारण रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेचं दार उघडताच सडक्या अंड्यांचा भपका येतो. कोपऱ्यात किपचं उपकरण चालू आहे, त्यातून हायड्रोजन सल्फाइड बाहेर पडतोय. पहिल्या दिवशी पोटात ढवळतं. आठवड्याभरात सवय होते. संध्याकाळी घरी गेल्यावर मात्र धाकटी बहीण नाक दाबून लांब बसते.

टेबलं काळी, ॲसिडनं जागोजागी खाल्लेली. त्यांच्यावर रिएजंटच्या बाटल्यांची रांग, प्रत्येक जोडीला एक बर्नर. आज ज्योत-परीक्षा आहे, म्हणून समुद्राकडच्या खिडक्या बंद. वारा आला तर ज्योत हलेल, रंग कळणार नाही. त्यामुळे आत चाळीस पोरं, वीस बर्नर आणि बाहेरचा ऑक्टोबर. पाठीवरून घामाची धार कमरेपर्यंत उतरते.

प्रयोगशाळेतले मामा कपाटाचं कुलूप काढतात आणि काचेच्या कांड्या मोजून वाटतात. प्रत्येक कांडीच्या टोकाला बोटभर लांब, बारीक तार. ही प्लॅटिनमची, सोन्याच्या तोडीचा धातू. मामा जाताना मोजून परत घेतील, आणि एकही कमी भरली तर कुणी घरी जाणार नाही. एवढी महाग तार कशाला? कारण ती स्वतः ज्योतीला रंग देत नाही, हायड्रोक्लोरिक ॲसिडला दाद देत नाही आणि १७६८ अंश सेल्सियसपर्यंत वितळत नाही. बर्नरची ज्योत तिथवर पोचत नाही.

तुमच्या वाट्याला आलीय सात नंबरची परीक्षानळी. तळाशी पांढरी पूड. शेजारच्या मुलीच्या नळीतही पांढरी पूड. तिच्या पलीकडेही पांढरीच. दिसायला तिन्ही सारख्या, आणि हुंगून किंवा चाखून बघायची सक्त मनाई. ही कशाची पूड आहे, हे तिच्याकडूनच काढून घ्यायचंय.

काडी ओढा, तोटी फिरवा. तोच तो लालबागचा गॅस, जरासा उग्र वासाचा. आधी ज्योत पिवळी, लांबट, काजळी धरणारी. बुडाशी हवेचं भोक आहे, ते हळूहळू उघडा. पिवळेपणा ओसरतो, ज्योत आखडते, निळी होते आणि फुरफुरू लागते. भोक एकदम उघडू नका. पलीकडच्या टेबलावर बघा, एकानं घाई केली आणि ज्योत फट् आवाज करून नळीच्या आत जाऊन बसली. मामांनी तिथूनच आवाज दिला, ‘बंद कर, बंद कर! गार होऊ दे आधी!’ हा बर्नर रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट बुन्सेनचा. जर्मनीतल्या हायडेलबर्गला पेटर डेसागा या कारागिराकडून त्यानं १८५५ मध्ये तो करवून घेतला. त्याला हवी होती स्वतःचा रंग जवळजवळ नसलेली ज्योत, म्हणजे जो रंग दिसेल तो तपासायच्या पदार्थाचाच.

आता तार ज्योतीत धरा. पिवळा! सोनेरी, झगझगीत, खोलीतल्या तोंडांवर उजेड पाडणारा पिवळा. तुम्ही पेन उचलता, जर्नलच्या उजव्या रकान्यात ‘सोडियम’ लिहायला जाता, आणि मागून सरांचा आवाज येतो.

‘पूड लावलीस का अजून?’

नाही. पूड लावलेलीच नाही. हा तुमच्या बोटांचा घाम आहे. चर्नी रोडच्या वाऱ्यातलं मीठ आहे. स्टोव्हवर उतू गेलेल्या पेजेतला पिवळा तो हाच. बुन्सेन आणि त्याचा सहकारी किर्खहोफ यांनी दाखवून दिलं होतं, की मिलिग्रॅमच्या लाखाव्या भागाहूनही कमी सोडियम ज्योतीत ओळखू येतं. मग समुद्राच्या काठावरच्या, घामानं निथळणाऱ्या प्रयोगशाळेत ते कुठं नसेल?

‘परत धू. रंग जाईपर्यंत धू. आणि आधी डावा रकाना भर. काय दिसलं ते लिही, काय असेल ते नंतर.’

वॉच ग्लासमध्ये तीव्र हायड्रोक्लोरिक ॲसिड घ्या. त्याचा वाफारा घशाला झोंबतो, तोंड बाजूला करा. तार बुडवा, ज्योतीत धरा. पिवळा. बुडवा, धरा. पिवळा, जरा फिका. परत. परत. मनगट भरून येतं, पापणीवर घाम साचतो. पुसू नका, बोटांना लागेल. आणि मग एका क्षणी तार ज्योतीत लाल तापते, पण ज्योत निळीच राहते. या पूर्ण दिवसातला हा पहिला विजय, आणि यात तुम्हाला काहीही दिसलेलं नाही!

आता ॲसिडच्या थेंबात पूड कालवा. ॲसिडनं तिचं क्लोराइड होतं आणि क्लोराइडं ज्योतीत चटकन वाफ होतात. तारेच्या टोकाला कणभर घ्या. श्वास रोखा. धरा.

किरमिजी!

ज्योतीच्या कडेनं लाल झोत उसळतो, इतका गडद की तुम्ही नकळत मागे सरता. शेजारची मुलगी मान वळवते. पुढच्या टेबलावरचे दोघं येऊन उभे राहतात. ‘कॅल्शियम रे, कॅल्शियम!’ एक जण ठासून सांगतो. ‘नाही, स्ट्रॉन्शियम,’ दुसरा. कॅल्शियमचा लाल विटकरी, क्षणभर झळकून जाणारा. हा टिकलाय आणि याच्यात विटेचा मातकटपणा नाही. पुन्हा धरा. आणि पुन्हा. पुस्तकात दोन्हींपुढे ‘लाल’ म्हणून छापलंय. फरक कळतो तो असं दहादा डोळ्यांखालून घातल्यावरच.

मुलीचं काय झालं ते बघा. ती बिचारी अर्ध्या तासापासून पिवळ्यातच अडकलीय. सर खिशातून गडद निळ्या काचेचा तुकडा काढतात. कोबाल्टची काच. ‘यातून बघ.’ काच पिवळा उजेड गिळते. ती डोळ्यापुढे धरून बघते आणि तिच्या तोंडून ‘अय्या!’ निघतं. पिवळ्याच्या मागे जांभळट झोत होता, सगळा वेळ होता. पोटॅशियम. तुम्हीही काच मागून घ्या, असं रोज बघायला मिळत नाही. दाराजवळच्या टेबलावर तेवढ्यात पोपटी ज्योत उठलीय, ते बेरियम. खिडकीपाशी निळसर हिरवी, ते तांबं. सर एक दिवा मालवायला लावतात, आणि सगळा वर्ग गप्प होऊन एकमेकांच्या ज्योती बघतो.

रंग का येतो, हे सर फळ्याशी जाऊन थोडक्यात सांगतात. उष्णतेनं अणूतला इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर जातो, तिथं टिकत नाही, खाली येतो आणि येताना मिळालेली ऊर्जा उजेड म्हणून टाकतो. पातळ्यांमधलं अंतर प्रत्येक मूलद्रव्याचं वेगळं, म्हणून उजेडाचा रंगही ठरलेला. सोडियमचा पिवळा ५८९ नॅनोमीटरचा, मग तो लालबागच्या स्टोव्हवर असो की हायडेलबर्गच्या बर्नरवर.

पण ज्योतीच्या साक्षीवर सर निकाल देत नाहीत. आता ओली परीक्षा. गाळा, धुवा, उकळा, त्या सडक्या वासाचा गॅस सोडा, परत गाळा. दुपार कलते. पाचव्या गटात अमोनियम कार्बोनेटनं पांढरा साका बसतो. तो ॲसेटिक ॲसिडमध्ये विरघळवा. पोटॅशियम क्रोमेटचे थेंब टाका: साका नाही, म्हणजे बेरियम नाही. दुसऱ्या भागात अमोनियम सल्फेट टाकून तापवा. थांबा. नळीच्या भिंतीला पांढरी झाक धरते, दाट होते, खाली बसते. स्ट्रॉन्शियम! आणि वर्तुळाच्या परीक्षेत दोन द्रवांच्या मध्ये तपकिरी कडं उमटतं: नायट्रेट. सात नंबरच्या नळीत स्ट्रॉन्शियम नायट्रेट होतं. पुढच्या आठवड्यात चाळीच्या गॅलरीत धाकटी बहीण दिवाळीच्या रंगीत काड्या ओढेल, त्यांतल्या लाल काडीला लाल करणारी पूड साधारण हीच. हिरवीला बेरियम. या दिवाळीला तुम्ही तिला नावं सांगू शकाल.

मामांना तार परत करा. त्यांनी मोजली, मान हलवली, सुटलात. बाहेर चौपाटीवर सूर्य पाण्याला टेकायला आलाय. त्याच्याकडेही याच पद्धतीनं बघितलं गेलंय. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात पटवर्धनांच्या जमखंडीत लेफ्टनंट जॉन हर्शेल उजेडातले रंग सुटे करून दाखवणारा वर्णपटदर्शक रोखून बसला होता, गुंटूरला फ्रान्सचा जान्सेन. सूर्याच्या कडेच्या ज्वालांमध्ये सोडियमच्या जागेजवळ एक रेषा चमकली. ती सोडियमची नव्हती, हेलियमची होती. पृथ्वीवर तो वायू रसायनशास्त्रज्ञ रॅमझीला १८९५ मध्ये सापडला. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवलेले खगोलशास्त्रज्ञ कावसजी दादाभाई नेगामवाला हेच तंत्र घेऊन २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला गेले. पंधरा कोटी किलोमीटरवरचा सूर्य असो की परीक्षानळीतली चिमूटभर पूड, प्रश्न विचारायची रीत एकच.

आता परत या, आपल्या काळात. ट्राम मार्च १९६४ मध्ये बंद झाली, गिरण्यांचे भोंगे थांबले. ज्योत-परीक्षा अजून अभ्यासक्रमात आहे, पण पुष्कळ मुलं ती तक्त्यावरूनच पाठ करतात: सोडियम पिवळा, पोटॅशियम जांभळा, स्ट्रॉन्शियम किरमिजी. गुणही मिळतात. घामाचा पिवळा आणि पुडीचा पिवळा यांतला फरक मात्र तक्ता शिकवत नाही. आधी तार स्वच्छ करायची, मग विचारायचं, आणि दिसलं तेच लिहायचं, ही शिस्त हातानंच शिकावी लागते. गिरणी कामगाराच्या पोराला तिनं प्राध्यापकाच्या बरोबरीनं बोलायचं बळ दिलं, कारण ज्योत कुणाच्या सांगण्यावरून रंग बदलत नाही.

तुम्ही शिक्षक असाल, पालक असाल, शाळेच्या समितीवर असाल, तर एवढं करा. बर्नर, नायक्रोमची स्वस्त तार, डोळ्यांवर चष्मा आणि शेजारी जाणता माणूस, एवढ्यावर हा प्रयोग होतो. स्पिरिट ओतून रंगीत ज्वाळांचा तमाशा मात्र करू नका, त्यात मुलं भाजलेली आहेत. तार द्या, खिडक्या लावा आणि प्रत्येक मुलाला ज्योत स्वतःच्या डोळ्यांनी बघू द्या.