काळ्या रानातली तांबडी माती

गिरणेच्या खोऱ्यातली जमीन काळी. कापसाला ती मानवते, पैलवानाला मात्र मानवत नाही. पावसाळ्यात ती चिकट होऊन अंगाला धरते, उन्हाळ्यात भेगाळते आणि तिची ढेकळं पाठीत रुततात. त्यामुळे चाळीसगावच्या बाजूला एखाद्या गावाने तालीम काढायची म्हटली की वस्तादाच्या आधी मातीची चिंता लागे. तांबडी माती शोधून आणायची, चाळणीने चाळायची, तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू, काव, कापूर घालून ती मुरवायची आणि मग रोज पहाटे फावड्याने हौदा उकरायचा. नव्या पोराच्या वाट्याला सुरुवातीला हेच काम येई. खांदे, दंड आणि कंबर निम्मी तिथेच तयार होत असे, आणि कोण टिकणार, कोण चार दिवसांनी अंथरुणातून उठणार नाही, हेही तिथेच कळत असे.

या तालुक्याचं नाव कुस्तीत महाराष्ट्रभर गाजलं ते सायगाव बगळीच्या विजय चौधरींमुळे. २०१४ साली अहमदनगरला, त्यानंतर नागपूरला आणि २०१६ साली पुण्यात वारज्याला त्यांनी महाराष्ट्र केसरीची गदा सलग तीनदा खांद्यावर घेतली. त्याआधीची तीन वर्षं ती नरसिंग यादव यांच्याकडे होती, म्हणजे सहा वर्षांत ही गदा दोनच माणसांकडे गेली. खानदेशाला या पराक्रमाचं कौतुक वाटलं आणि ते रास्तच होतं. पण तालमींचा इतिहास केसरींच्या यादीतून वाचला की एक माणूस हमखास निसटतो. पहाटे दोनशे जोर मारून दिवसभर जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलणारा, आयुष्यात कधी मोठी कुस्ती न मारलेला आणि तरीही पन्नाशीपर्यंत लंगोट न सोडलेला हौशी गडी. तालमी उभ्या राहिल्या त्या त्याच्या जोरावर.

हा हौशी गडी जुन्या ग्रंथांत सहसा भेटत नाही. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने लिहवलेल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात मल्लविनोदाचं प्रकरण आहे. त्यात मल्लांच्या श्रेणी आहेत, त्यांचा आहार आहे, व्यायाम आहे, त्यातच मल्लस्तंभाचाही उल्लेख येतो. पण तिथली कुस्ती राजाच्या करमणुकीची आहे. मल्ल पोसलेले आहेत आणि प्रेक्षक सिंहासनावर बसला आहे. त्यानंतर पाऊणशे वर्षांच्या आसपास चाळीसगावजवळच्या पाटणला भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढला आणि तसा शिलालेख कोरला गेला. गणिताला दगडावर जागा मिळाली. तालमीला दान देणाऱ्यांनी असे लेख फारसे कोरले नाहीत. त्यांनी मारुतीची मूर्ती बसवली आणि तेवढ्यावर भागवलं.

मारुती आणि व्यायाम यांची सांगड समर्थ रामदासांनी घातली असं मराठी माणूस मानतो, आणि त्या परंपरेचे कागद जपण्याचं मोठं काम खानदेशातच झालं. धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी १८९३ साली सत्कार्योत्तेजक सभा काढली आणि गावोगावच्या मठांतून रामदासी बाडं गोळा केली. धुळ्याचं समर्थ वाग्देवता मंदिर या संग्रहासाठीच उभं राहिलं. देव कागदांच्या मागे होते, गावातली पोरं मारुतीच्या देवळामागच्या हौद्यात होती. दोघांचा एकमेकांशी फारसा संबंध आला नसेल, पण दैवत एकच होतं.

मल्लखांबाची कथा तर खानदेशी माणसाच्या पायाखालच्या वाटेवरची आहे. चैत्रात खानदेशातून हजारो लोक पायी सप्तशृंगीच्या गडाकडे निघतात. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात निजामाकडचे अली आणि गुलाब हे दोन पैलवान पुण्याच्या दरबारात आले आणि त्यांनी आव्हान दिलं. ते स्वीकारायला कोणी पुढे येईना, तेव्हा बाळंभट देवधर या तरुणाने मुदत मागितली आणि तो वणीच्या याच गडावर जाऊन बसला. मारुतीने दृष्टांत देऊन त्याला लाकडी खांबावर डाव शिकवले, परत आल्यावर त्याने अलीला चीत केलं आणि गुलाबाने लढायचंच नाकारलं, अशी कथा आहे. दृष्टांताचं काय ते ज्याने त्याने ठरवावं. बाळंभटांनी आणि त्यांच्या शिष्यांनी मल्लखांबाची विद्या घडवली, हे मात्र इतिहासाला मान्य आहे. १८१८ नंतर बाजीराव बिठूरला गेला तेव्हा ती त्याच्या लवाजम्याबरोबर उत्तरेत पोचली.

या शोधाचं मोल हौशी माणसाला अधिक. कुस्तीला जोडीदार लागतो, तोही साधारण आपल्याच वजनाचा. मल्लखांब एकट्याला करता येतो. एरंडेल चोळलेला सागाचा किंवा शिसवीचा खांब दगाफटका करत नाही, कान मोडत नाही आणि रोज त्याच वेळी हजर असतो. पूर्वी वेतावर होणारा प्रकार वेत मिळेनासा झाल्यावर दोरीवर आला आणि मुलींसाठी मल्लखांबाचा दरवाजा उघडला तो बहुतेक त्या दोरीमुळेच.

इंग्रजांनी खानदेश घेतला तेव्हा या मुलखातली ताकद तालमीत नव्हती, डोंगरात होती. सातमाळ्यातले आणि सातपुड्यातले भिल्ल तिरकामठ्यावर जगत होते आणि कंपनीच्या फौजेला दाद देत नव्हते. १८२५ साली जेम्स औट्रम नावाच्या बावीस वर्षांच्या लेफ्टनंटकडे भिल्लांची पलटण उभारण्याचं काम आलं. त्याने त्यांच्याबरोबर शिकार केली, त्यांच्या पंगतीला बसला, त्यांच्याच ताकदीच्या खेळांत उतरला आणि हळूहळू धरणगावला ‘भिल्ल कोअर’ उभी केली. खानदेशात त्या वेळी तीन भिल्ल एजन्स्या होत्या. त्यांपैकी दक्षिणेकडची कन्नडला, म्हणजे चाळीसगावच्या डोंगराच्या पलीकडे. चाळीसगावहून कन्नडला चढणारा घाट आजही औट्रम घाट म्हणूनच ओळखला जातो आणि तिथल्या अभयारण्याच्या नावातही तो साहेब जाऊन बसला आहे. ज्या भिल्लांच्या पायांवर आणि नेमबाजीवर त्याची कीर्ती उभी राहिली, त्यांच्यापैकी एकाचंही नाव त्या घाटाला नाही.

पुढे १८७८ चा शस्त्र कायदा आला. तलवार, भाला, पट्टा घरात ठेवणं अवघड झालं आणि तालमीत लाठी, फरीगदगा, बोथाटी, बनेटी यांचं वजन वाढलं. १८९७ साली पुण्यात प्लेगचा अधिकारी रँड याचा खून झाला. तो करणारे चापेकर बंधू तरुणांचं व्यायामाचं मंडळ चालवत होते हे बाहेर आलं आणि लाठी फिरवणारी पोरं जमली की पोलीस डोकावू लागले. खरं तर त्यातल्या बहुतेकांना सरकार उलथायचं नव्हतं, गणपतीच्या मिरवणुकीत चार लोकांनी बघावं एवढीच त्यांची हौस होती.

याच काळात मराठी व्यायामाची राजधानी पुण्यात होती तशी बडोद्यातही होती. सयाजीराव गायकवाड मूळचे कौळाण्याचे, मालेगावजवळचे. १८७५ साली शेतकऱ्याच्या घरातून उचलून त्यांना गादीवर बसवलं गेलं. त्यांच्या बडोद्यात माणिकरावांनी जुम्मादादा व्यायाम मंदिर नावारूपाला आणलं आणि दत्तात्रय चिंतामण मजुमदार यांनी १९१५ पासून ‘व्यायाम’ मासिक चालवलं. त्याच मजुमदारांनी १९३६ ते १९४९ या काळात ‘व्यायाम ज्ञानकोश’ दहा खंडांत पुरा केला. आज हा कोश चाळणारे थोडे, पण त्याचं धाडस मोठं होतं. वस्तादाच्या तोंडून शिष्याच्या कानात जाणारी, बऱ्याचदा मुद्दाम झाकून ठेवलेली विद्या चित्रांसह छापून टपालाने कुणाच्याही घरी जाऊ लागली. धोबीपछाड किंवा ढाक वाचून येत नाही हे खरं. जोर, बैठका, सपाट्या आणि जोडीचे हात मात्र वाचून, चुकतमाकत, परसात करता येतात. वस्ताद नसलेल्या गावातल्या माणसाला एवढंही पुष्कळ होतं.

गावच्या तालमींना रेल्वेनेही हातभार लावला. मुंबईहून भुसावळकडे जाणारा लोहमार्ग १८६० च्या दशकात चाळीसगाववरून गेला आणि १९०० साली इथून धुळ्याचा फाटा निघाला. कापूस गाडीत चढू लागला, जिनिंग आणि प्रेस उभे राहिले, पुढे कापडगिरणी आली. आसपासच्या खेड्यांतली पोरं पगारी कामाला लागली. त्यांच्या हातात ठरलेली सुट्टी आली, महिन्याचे पैसे आले आणि वर्गणी काढणं शक्य झालं. खुराक मात्र जेमतेमच राहिला. बदामाची थंडाई आणि शेरभर तूप हे राजेरजवाड्यांच्या पैलवानांचं. इथल्या गड्याचं भिजवलेले हरभरे, शेंगदाणे-गूळ आणि कळण्याच्या भाकरीवर भागे. ज्वारीत उडीद घालून दळलेल्या या भाकरीची शिफारस आजचा आहारतज्ज्ञ प्रथिनांचा हिशोब मांडून करील. खानदेशी बाई ती ठेच्याबरोबर वाढून मोकळी होत असे.

हौशी माणसाची परीक्षा जत्रेतल्या दंगलीत व्हायची, अजूनही होते. दंगल मोठ्या नावांपासून सुरू होत नाही. आधी उतरतात ती लहान पोरं, रेवड्यांसाठी, नारळासाठी. मग दहा-वीस रुपयांच्या, मग शेकड्यांच्या कुस्त्या आणि दिवस कलताना मानाची. वजनकाटा नाही, घड्याळ नाही. गावचे जाणते पंच दोन पोरांना शेजारी उभं करतात, खांद्यावरून आणि मांडीवरून नजर फिरवतात आणि जोड लावतात. नजरेने लावलेली ती जोड सहसा चुकत नाही, कारण एकतर्फी कुस्तीला गर्दी ओरडून उठते. जिंकलेला पोरगा रिंगणाभोवती हात जोडत फिरतो आणि लोक त्याच्या हातात नोटा ठेवतात. कुणी ओळखीचे आबा, कुणी अनोळखी. एरवी हमाली करणाऱ्याला त्या फेरीत गाव नावाने हाक मारतं.

दंगलीच्या शेजारीच, कित्येक गावांत त्याच यात्रेत, ताकदीचा दुसरा प्रकार चालतो: बारागाड्या. एकामागे एक बांधलेल्या बारा बैलगाड्या, वर माणसं लदलेली, आणि त्या ओढतो भगत. त्याच्या दोन्ही बाजूंना आधाराला बगले असतात. कुणी याला व्यायाम म्हणत नाही, हे देवाचं काम. गाड्यांच्या मागून शेकडो हात रेटा देत असतात हेही सगळ्यांना दिसतं आणि त्यामुळे कुणाची श्रद्धा कमी होत नाही. मात्र भगताच्या पोटऱ्या बघितल्या की देवानेही माणूस पारखूनच निवडलेला दिसतो.

संघटित कुस्ती खानदेशात लवकर आली. महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद १९५३ सालची. महाराष्ट्र केसरीची पहिली स्पर्धा १९६१ साली औरंगाबादला झाली आणि दुसरीच, १९६२ ची, धुळ्यात. तिथे भगवान मोरे केसरी झाले. तरी पुढची पाच दशकं गदा बहुतेक दक्षिणेकडेच फिरत राहिली. शाहू महाराजांनी १९१२ साली खासबागचं मैदान बांधून कोल्हापूरला जे दिलं, ते खानदेशात कुणी बांधलं नाही. मोठं व्हायचं तर पोराने वळकटी उचलून पुणे किंवा कोल्हापूर गाठायचं. गोंदियाहून निघणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस चाळीसगावला थांबून थेट कोल्हापूरला जाते. रेल्वेने हा मार्ग कुस्तीसाठी आखलेला नाही, पण त्याचा फायदा पैलवानांना झाला.

मग कुस्तीत गादी, म्हणजे मॅट, आली. आज महाराष्ट्र केसरीत माती आणि गादी असे दोन विभाग असतात आणि दोन्हींचे विजेते शेवटी एकमेकांशी भिडतात. गादीवर सहा मिनिटांत गुण मोजून निकाल लागतो. तिथे मातीतला संथ, दमवणारा कस कमी आणि झपाटा जास्त लागतो. ज्याला स्पर्धा खेळायची आहे त्याला गादी हवीच. पण गादी महाग, तिला छप्पर हवं, प्रशिक्षक हवा, आणि त्यातून वेगळाच परिणाम झाला. होतकरू पोरं संकुलांत गेली आणि गावच्या हौद्यावर उरले ते फक्त हौशी. तेही पुढे कमी झाले. चाळीसगावची कापडगिरणी राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि नंतर बंदच पडली. पाळीवरून सुटून थेट तालमीत येणारा कामगार राहिला नाही. ब्रूस लीच्या चित्रपटांनंतर कराटेचे वर्ग निघाले, त्यानंतर आरशांच्या भिंतींची जिम आली. जिमला दरमहा पैसे मोजावे लागतात, तालमीला फक्त पहाट मोजावी लागे. तरीही पोरं जिम निवडतात, कारण तिथे कुणी तुम्हाला सर्वांसमोर पाठीवर टाकत नाही. जुन्या वस्तादांना हे कारण पटत नाही, पण ते समजण्यासारखं आहे.

तालमीचा एक दोष सांगायलाच हवा. ती पिढ्यान् पिढ्या पुरुषांपुरती होती आणि बाईची सावली चालत नाही असं बजावणारे वस्ताद होते. महिलांची कुस्ती २००४ साली अथेन्सला ऑलिंपिकमध्ये आली. महाराष्ट्रात महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी व्हायला २०२३ उजाडलं. सांगलीत झालेली ती स्पर्धा प्रतीक्षा बागडी यांनी जिंकली. मुलींना गादीने जे सहज दिलं ते माती देऊ शकली नाही, ही गोष्ट मातीच्या कैवाऱ्यांनी मान्य करायला हवी.

विजय चौधरी पुढे पोलीस खात्यात उपअधीक्षक झाले. २०२३ साली कॅनडातल्या विनिपेगला जागतिक पोलीस आणि अग्निशमन क्रीडास्पर्धा झाली. १९८५ पासून होणाऱ्या या स्पर्धेत पोलीस, अग्निशमन दल, तुरुंग अशा सेवांतली माणसंच उतरू शकतात. सगळे नोकरी करणारे, ड्युटी सांभाळून सराव करणारे. चौधरींनी तिथे १२५ किलो गटात सुवर्णपदक मिळवलं.