जुमला, हजारी, हवालदार : मराठा लष्करी परिभाषेची ओळख

मराठ्यांच्या फौजेवर मराठीत भरपूर लिहिले गेले आहे. त्यातले बरेचसे मात्र लढायांचे. लढणारी माणसे ज्या हुद्द्यांनी ओळखली जात, ते हुद्दे आपण भरभर वाचून पुढे जातो. हजारी म्हणजे हजारांचा नायक, हवालदार म्हणजे त्याच्या खालचा कोणीतरी, एवढ्यावर वाचकाचे भागते. या अभ्यासात नव्याने येणाऱ्याने नेमके इथेच थांबावे. घोडदळातला हा हजारी हजार स्वारांचा नव्हताच.

कृष्णाजी अनंत सभासदाने जिंजीला राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून बखर लिहिली, ती १६९४च्या सुमारास. पागेची, म्हणजे सरकारी घोडदळाची, रचना तो आकड्यांत देतो. पंचवीस बारगिरांवर (सरकारी घोड्यांवरच्या स्वारांवर) एक हवालदार, पाच हवालदारांचा एक जुमला, दहा जुमल्यांवर हजारी, पाच हजारींवर पंचहजारी. गुणाकार करून पाहा : जुमला १२५ घोड्यांचा, हजारी १,२५०चा आणि पंचहजारी ६,२५०चा. पायदळात मोजणी वेगळी. तिथे दहा माणसांमागे नाईक, पाच नाइकांवर हवालदार आणि दोन-तीन हवालदारांवर जुमलेदार. म्हणजे हवालदार दोन्हीकडे आहे, पण एकाच्या हाताखाली पंचवीस घोडी, तर दुसऱ्याच्या हाताखाली पन्नास माणसे. सभासद आणखी एक बारीक गोष्ट नोंदवतो. दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद असे. पंचवीस हा आकडा रणांगणापेक्षा पाण्याच्या पखालीतून आणि घोड्याच्या खुरातून आला असावा, असा माझा कयास आहे. एका नालबंदाला किती घोडी झेपतात, हे ज्याला ठाऊक तोच असली फौज उभी करू शकतो.

शब्दांची कुळेही हेच सांगतात. 'हवाला' म्हणजे ताबा, सोपवलेली जबाबदारी. आरोपीला पोलिसांच्या हवाली करतात तो हाच शब्द. 'जुमला' म्हणजे एकूण बेरीज. दोन्ही अरबीतून फारसी दफ्तरांच्या वाटेने दख्खनेत आले. यात शौर्याचा मागमूस नाही. माणूस किती शूर, हे या हुद्द्यांनी सांगितलेच नाही. त्याच्याकडे काय सोपवले आहे आणि त्याने कशाचा हिशेब द्यायचा, एवढेच सांगितले. गडावरच्या हवालदाराकडे पाहिले की हे आणखी स्पष्ट होते. गडाच्या किल्ल्या त्याच्या ताब्यात, पण त्याच्या बरोबरीला हिशेब-दफ्तर सांभाळणारा सबनीस आणि शिबंदी सांभाळणारा सरनोबत. तिघांचा दर्जा सारखा, म्हणजे एकट्याने फितूर होऊन गड शत्रूला देण्याची सोयच ठेवली नाही. पागेतल्या पंचवीस घोड्यांचा हवालदार आणि गडाचा हवालदार यांत मोठे अंतर आहे, तरी शब्द एकच. म्हणून या क्षेत्रातला पहिला नियम असा : हुद्दा एकटा वाचू नये. तो कुठला, कोणत्या सालातला आणि त्याची तैनात, म्हणजे पगार, किती, हे शेजारी मांडून मगच वाचावा. पागेच्या जुमलेदाराला वर्षाला पाचशे होन (सोन्याची नाणी), हजारीला हजार, पंचहजारीला दोन हजार. हे आकडे हाताशी असले की उतरंड आपोआप दिसू लागते.

तोच शब्द दोन दरबारांत काय काय होऊ शकतो, याचे उदाहरण आग्र्याचे आहे. १२ मे १६६६ रोजी शिवाजी महाराजांना औरंगजेबाच्या दरबारात पंचहजारी मनसबदारांच्या रांगेत उभे केले गेले. पुरंदरच्या तहानंतर पंचहजारी मनसब मिळाली होती ती संभाजीराजांना, आणि ते तेव्हा आठ वर्षांचे होते. मोगलांकडे हा आकडा मुख्यतः दर्जा आणि पगार मोजणारा. त्यावरून दरबारात कोणाच्या मागे उभे राहायचे तेही ठरे. स्वराज्यात पंचहजारी म्हणजे खरीखुरी घोडी. त्या दिवशीच्या महाराजांच्या संतापाची चर्चा पुष्कळ झाली आहे. हुद्द्यांच्या अभ्यासकाने मात्र त्या रांगेकडे अधिक लक्ष द्यावे.

राज्याभिषेकाच्या सुमारास 'राज्यव्यवहारकोश' सिद्ध झाला. त्यात फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले आहेत. फौजेच्या सरनोबताचा सेनापती झाला आणि तो टिकला. खालच्या हुद्द्यांना मात्र संस्कृत फारसे मानवले नाही. पागेत आणि पहाऱ्यावर माणसे हवालदारालाच हाक मारत राहिली.

उलटा प्रवास 'शिलेदार' या शब्दाचा. आज निष्ठावंत साथीदाराला आपण शिलेदार म्हणतो. निवडणुकीच्या दिवसांत तर वर्तमानपत्रे त्यांनी ओसंडून वाहतात. मूळचा शिलेदार स्वतःचे घोडे आणि हत्यार घेऊन चाकरीला येणारा. घोडे त्याचे, म्हणून निघून जाण्याची मोकळीकही त्याचीच. सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर, आणि राज्याची भिस्त त्याच्यावर. शिलेदारांनी पुंडावा करू नये म्हणून त्यांना पागेच्या हुकमतीखाली ठेवले होते, असे सभासदच सांगतो. बिचारा बारगीर आज शब्दकोशात पडून आहे.

पुढे पेशवाईत सरदारांची पथके आणि पेशव्यांची स्वतःची हुजुरात आली, नंतर भाडोत्री गारदी, आणि महादजी शिंद्यांच्या काळात कवायती कंपू. 'पलटण' ही फ्रेंच-इंग्रजी वळणाची. युरोपात तो शब्द लहानशा तुकडीचा, आपल्याकडे मात्र अख्ख्या बटालियनचा झाला. जमादार हा हुद्दा भारतीय सैन्यात १९६५ साली नायब सुभेदार झाला. हवालदार मात्र बाहीवर तीन फिती लावून अजून आहे.

नव्या अभ्यासकाने सुरुवात सभासदाच्या पागेच्या आणि गडांच्या मजकुरापासून करावी. ती थोडीच पाने आहेत. पेन्सिल घेऊन गुणाकार स्वतः करावेत. मग राज्यव्यवहारकोशातला चतुरंगवर्ग, आणि अडेल तिथे माधवराव पटवर्धनांचा फारसी-मराठी कोश. पेशवे दफ्तराकडे त्यानंतर वळावे, कारण तिथले हिशेब मोडी लिपीत आहेत आणि हुद्द्यापुढची रक्कम वाचता आल्याशिवाय तो हुद्दा कळत नाही.