रिकाम्या जागांचा हिशेब : वेल्सचा किनारी रेल्वेमार्ग, वृद्ध प्रवासी आणि पदभ्रमण

साठी ओलांडलेल्या प्रवाशाला ब्रिटनमध्ये रेल्वेच्या तिकिटावर मिळणारी सवलत आणि किनाऱ्यावरील एका स्थानकावर उतरून पुढच्या स्थानकापर्यंत पायी जाण्याची तेथील रीत या दोन गोष्टींचा परस्परांशी काही संबंध असेल, असे सहसा कोणाला वाटत नाही. पहिली समाजकल्याणाच्या खात्यात जमा धरली जाते, तर दुसरी छंदाच्या. दोहोंचा इतिहास शेजारी ठेवून पाहिला म्हणजे मात्र असे आढळते की दोन्हींचे मूळ रेल्वेच्या एकाच जुन्या अडचणीत, म्हणजे गर्दीचा मोसम सरल्यावर रिकाम्या धावणाऱ्या डब्यांत आहे. वेल्सच्या पश्चिम किनाऱ्याने माखुन्लेथच्या बाजूने निघून पुल्हेलीपर्यंत जाणारा केंब्रियन किनारी रेल्वेमार्ग हे या इतिहासाचे ठळक उदाहरण होय.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्रिटिश रेल्वे कंपन्यांना सामान्य प्रवाशाविषयी फारशी आस्था नव्हती. १८४१ च्या जुलैमध्ये टॉमस कुक याने दारूबंदीच्या प्रचारासाठी लेस्टरहून लफबरोपर्यंत खास गाडी ठरवून सुमारे ५०० लोकांना एका शिलिंगात नेऊन आणले, तेव्हा स्वस्त भाड्यावरही भरलेली गाडी फायद्याची ठरते हे कंपन्यांच्या ध्यानात येऊ लागले. १८४४ च्या कायद्याने प्रत्येक मार्गावर दिवसातून किमान एक गाडी सर्व स्थानकांवर थांबत, छप्पर असलेल्या तिसऱ्या वर्गाच्या डब्यांसह आणि मैलाला एक पेनी या दराने चालवणे बंधनकारक केले. पुढे १८७१ च्या कायद्याने बँकांना सुट्टीचे दिवस ठरवून दिले आणि समुद्रकिनारी एक दिवसाची सहल हा कामगार कुटुंबांचा वार्षिक परिपाठ बनला. या सहलींत वृद्धांचे स्थान नगण्य होते, कारण निवृत्ती ही कल्पनाच बहुसंख्यांना परवडणारी नव्हती आणि हातपाय चालत तोवर काम करणे व ते थकल्यावर मुलांच्या किंवा गरीबगृहाच्या आश्रयाला जाणे एवढेच पर्याय त्यांच्यापुढे असत. १९०८ चा वृद्धापकाळ निवृत्तिवेतन कायदा होऊन १९०९ च्या १ जानेवारीपासून सत्तरी गाठलेल्या गरजूंना आठवड्याला कमाल ५ शिलिंग मिळू लागले. कामाविना पण थोड्याफार पैशांसह जगता येण्याजोगे म्हातारपण तेव्हापासून हळूहळू साकारत गेले आणि त्याबरोबरच रेल्वेला पुढे एक नवा ग्राहकवर्ग मिळाला.

केंब्रियन किनारी मार्गाची उभारणी मात्र यापैकी कशाचाही विचार करून झालेली नव्हती. १८६१ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीसमोर आयर्लंडच्या जहाजवाहतुकीसाठी लीन द्वीपकल्पावरील पोर्थदिन्लाइन या बंदरापर्यंत पोहोचण्याचे स्वप्न होते आणि टॉमस सॅविन हा धाडसी कंत्राटदार त्यामागे उभा होता. रेल्वेच्या तिकिटाबरोबरच हॉटेलातील मुक्काम विकण्याची कल्पना त्याने फार लवकर लढवली व अॅबरिस्टविथ येथे समुद्रकाठी भव्य हॉटेल बांधायला घेतले. परंतु १८६६ मध्ये त्याचे दिवाळे निघाले आणि ती इमारत पुढे वेल्समधील पहिल्या विद्यापीठीय महाविद्यालयाला मिळाली, जे १८७२ मध्ये तेथे सुरू झाले. रेल्वे १८६७ मध्ये पुल्हेलीला पोहोचली आणि तेथेच थांबली. डोंगर थेट समुद्राला भिडलेले आणि हाती पैसा बेताचा, अशा स्थितीत मोठे बोगदे खोदणे शक्य नसल्याने बांधणाऱ्यांनी रूळ जागोजाग लाटांच्या काठानेच नेले. सव्वाशे वर्षांनंतर बांधलेल्या कोकण रेल्वेने नव्वदहून अधिक बोगद्यांच्या बळावर किनाऱ्यापासून आत सरकून वाट काढली आणि तिची बहुतेक स्थानके समुद्रापासून दूर राहिली, हे लक्षात घेतले म्हणजे वेल्समधील काटकसरीचा अनपेक्षित परिणाम स्पष्ट होतो : तेथे गाडीतून उतरलेला प्रवासी काही मिनिटांतच वाळूवर पोहोचतो.

या काटकसरीची किंमतही मोजावी लागली. फ्रियोगजवळ कड्याच्या पोटातून कोरलेल्या अरुंद पट्टीवर १८८३ मध्ये दरड कोसळून इंजिन खाली समुद्राकाठी गेले व चालक आणि त्याचा सहायक मरण पावले. १९३३ मध्ये त्याच ठिकाणी तशाच अपघाताची पुनरावृत्ती झाली आणि त्यानंतर तेथे रुळांवर काँक्रीटचे छत बांधण्यात आले. बारमथ येथे मौदाख नदीच्या मुखावर उभारलेला पूल हा या मार्गाचा मानबिंदू असून, पाऊण किलोमीटरच्या आसपास लांबीचा हा पूल शंभराहून अधिक लाकडी आधारांवर पेललेला आहे. रुळांच्या शेजारून पादचाऱ्यांसाठी फळ्यांची वाट असून तिच्यासाठी दीर्घकाळ टोल घेतला जात असे. दक्षिणेकडील मोर्वा मौदाख या छोट्या स्थानकावर उतरून एका हाताला खाडी, दुसऱ्या हाताला समुद्र पाठीशी कादेर इद्रिस हा डोंगर आणि समोर बारमथ गाव ठेवून हा पूल पायी ओलांडणे, हे दोन स्थानकांमधील पदभ्रमणाचे या मार्गावरील सर्वांत सोपे व म्हणूनच वृद्धांना मानवणारे उदाहरण आहे.

असे पदभ्रमण शक्य होण्यासाठी स्थानके जवळजवळ असावी लागतात, आणि ती तशी असण्याचे कारण पुन्हा धंद्याच्या हिशेबातच सापडते. १९२० च्या दशकात ग्रेट वेस्टर्न रेल्वे या बड्या कंपनीने हा मार्ग चालवणारी केंब्रियन रेल्वे आपल्यात सामावून घेतली, तेव्हा खेड्यापाड्यांतून फिरणाऱ्या मोटार बसशी तिची स्पर्धा सुरू झाली होती. बसप्रमाणे प्रवाशाच्या दारापर्यंत जाता यावे यासाठी कंपन्यांनी ‘हॉल्ट’ म्हणजे तिकीटघर व कर्मचारी नसलेले, आखूड फलाटाचे थांबे उघडण्याचा सपाटा लावला. या मार्गावरील तिग्विन आणि लान्दानुग हे थांबे त्याच काळातले आहेत. परिणामी बारमथ आणि हार्लेख यांमधील सुमारे १६ किलोमीटरच्या अंतरात आज सहा थांबे आढळतात. बसशी झुंजण्यासाठी केलेली ही दाटी त्या लढाईत फारशी कामी आली नाही, पण चालणाऱ्याला मात्र दर दोन-तीन किलोमीटरवर परतीचा मार्ग खुला करून देणारी ठरली.

चालणाऱ्यांची परंपरा तोपर्यंत रुजलेली होती. बारमथच्या वरच्या बाजूची दिनास ओलाय ही टेकडीची जमीन १८९५ मध्ये फॅनी टॅल्बट या बाईंनी नव्याने स्थापन झालेल्या नॅशनल ट्रस्टला दिली आणि सर्वांना फिरण्यासाठी राखलेली ती त्या संस्थेची पहिली मालमत्ता ठरली. दोन महायुद्धांमधील काळात, विशेषतः १९३० च्या दशकातील मंदीत, औद्योगिक शहरांतील तरुण मोठ्या संख्येने पायी भटकू लागले. १९३२ च्या एप्रिलमध्ये किंडर स्काउट या डोंगरावर त्यांनी जमीनदारांची बंदी झुगारून सामूहिक प्रवेश केला, तो या चळवळीचा राजकीय चेहरा होता. त्याच सुमारास रेल्वे कंपन्यांनी या उत्साहाला धंद्याचे वळण दिले. त्यांनी पदभ्रमणाच्या मार्गदर्शक पुस्तिका छापल्या, गंतव्य न सांगता नेणाऱ्या भटक्यांच्या खास गाड्या सोडल्या आणि एका स्थानकापर्यंत जाऊन दुसऱ्याच स्थानकावरून परतण्याची मुभा देणारी तिकिटे काढली. सामान्य परतीच्या तिकिटावर प्रवासी मूळ स्थानकाशी बांधलेला राही आणि त्याला आलेली वाट पुन्हा तुडवावी लागे. नव्या तिकिटाने ही बेडी सुटली व स्थानक ते स्थानक चालणे हा स्वतंत्र प्रकार रूढ झाला.

१९३८ च्या कायद्याने भरपगारी रजेला चालना मिळाली आणि युद्धानंतर किनाऱ्याकडे लोटणारी गर्दी शिगेला पोहोचली. पुल्हेलीजवळ बिली बटलिन यांची सुट्टीची वसाहत १९४७ मध्ये पर्यटकांसाठी खुली झाली व तिच्या दारातल्या पेनिखाइन थांब्यावर उन्हाळ्यातील शनिवारी लांबलांबच्या शहरांतून गाड्या येऊ लागल्या. या वैभवातच रोगाचे बीज होते, कारण १९४८ मध्ये राष्ट्रीयीकृत झालेल्या रेल्वेला वर्षातील मोजक्या शनिवारांसाठी हजारो डबे बाळगावे लागत आणि उरलेला काळ ते बाजूच्या रुळांवर उभे असत. डॉ. रिचर्ड बीचिंग यांनी १९६३ च्या मार्चमध्ये सादर केलेल्या अहवालात या उधळपट्टीवर नेमके बोट ठेवले आणि देशभरातील २,३६३ स्थानके बंद करण्याची शिफारस केली. मोर्वा मौदाखहून डॉल्गेलायकडे जाणारा मार्ग १९६५ मध्ये बंद झाला व कालांतराने त्याच्याच बांधावर खाडीकाठची सुंदर पायवाट तयार झाली. किनारी मार्गावरही टांगती तलवार होती. परंतु १९६८ च्या वाहतूक कायद्याने तोट्यातील पण समाजाला आवश्यक असलेल्या मार्गांना सरकारी अनुदान देण्याचे तत्त्व मान्य केले आणि किनारी मार्ग बंद करण्याचा प्रस्ताव अखेर मागे पडला.

अनुदान मिळाले तरी रिकाम्या जागांचा प्रश्न उरलाच. भाड्याच्या अर्थशास्त्रातील साधा नियम असा की गाडी कशीही धावणारच असेल तर आणखी एक प्रवासी नेण्याचा खर्च जवळजवळ शून्य असतो, म्हणून जो पूर्ण भाड्यात आलाच नसता त्याला कमी भाड्यात आणले तर मिळेल तो पैसा निव्वळ लाभाचा. निवृत्त माणसाला कामाच्या वेळा नसतात, शाळेच्या सुट्ट्यांची वाट पाहावी लागत नाही आणि मंगळवारी दुपारी निघणेही त्याला सोयीचे असते. रिकाम्या डब्यांना याहून योग्य गिऱ्हाईक मिळणे कठीण. १९७५ मध्ये ब्रिटिश रेल्वेने ज्येष्ठ नागरिकांचे सवलतपत्र सुरू केले ते याच जाणिवेतून. वार्षिक शुल्क भरून घेतलेल्या या पत्रावर आज साठ वर्षांवरील प्रवाशाला बहुतेक तिकिटांत एक तृतीयांश सूट मिळते; मात्र लंडन व आग्नेय इंग्लंडमध्ये कामाच्या दिवशी सकाळी गर्दीच्या वेळी ते चालत नाही. वेल्समध्ये हा तर्क अधिकच उघडपणे दिसतो. तेथे २००२ पासून साठीपुढच्या रहिवाशांना बसचा प्रवास मोफत आहे आणि त्याच ओळखपत्रावर माखुन्लेथ ते पुल्हेली हा रेल्वेप्रवासही विनामूल्य करता येतो, पण तो फक्त ऑक्टोबर ते मार्च या काळात. पर्यटक परतल्यावर मोकळ्या पडलेल्या जागा म्हाताऱ्यांना, हा त्यामागचा हिशेब कोणी लपवलेला नाही.

हिशेबातून जन्मली म्हणून या सवलतीचे मोल कमी होत नाही. ज्याला एका दमात पंधरा किलोमीटर चालवत नाही, त्याला लान्दानुगला उतरून वाळूच्या टेकाडांआडचे जुने चर्च पाहता येते, भरतीची वेळ पाहून ओल्या घट्ट वाळूवरून हार्लेखपर्यंत जाता येते आणि पहिल्या एडवर्डच्या किल्ल्याच्या पायथ्याशी असलेल्या स्थानकावरून परतीची गाडी धरता येते. याहून लांबच्या वाटेवर गुडघ्याने असहकार पुकारलाच तर मधल्या थांब्यावर बसून राहण्याची सोय आहे. अर्थात या सोयीलाही शिस्त आहे : गाड्या साधारण दोन तासांनी येतात, आणि अनेक थांबे विनंतीचे असल्यामुळे उतरायचे असल्यास गार्डला आधी सांगावे लागते व चढायचे असल्यास फलाटावर उभे राहून चालकाला दिसेल असा हात दाखवावा लागतो. हात दाखवण्यात कसूर झाली तर गाडी निघून जाते.

२०१२ च्या मे महिन्यात वेल्स किनारा मार्ग ही सुमारे १,४०० किलोमीटरची अखंड पायवाट खुली झाली, तेव्हा बारमथच्या पुलावरील फळ्यांची वाट तिचाच भाग बनली. त्यामुळे पुलाचे रक्षण हा केवळ रेल्वेचा प्रश्न उरला नाही. १९८० मध्ये समुद्रातील लाकूड पोखरणाऱ्या किड्याने पुलाचे आधार पोकळ केल्याचे आढळून आले तेव्हा वाहतूक काही महिने थांबली होती व मार्ग कायमचा बंद होण्याची भीती निर्माण झाली होती. २०१४ च्या जानेवारीतील वादळाने लानाबेरजवळचा बांध फोडला, तर २०२० ते २०२३ या काळात टप्प्याटप्प्याने केलेल्या पुलाच्या दुरुस्तीवर सुमारे ३ कोटी पौंड खर्च झाले. केवळ तिकिटांच्या उत्पन्नावर पाहिले तर असा खर्च कधीच समर्थनीय ठरला नसता.

सवलतीच्या टिकाऊपणाविषयी या इतिहासातून निघणारा निष्कर्ष भारतीय वाचकालाही लागू आहे. ब्रिटनमध्ये रेल्वेचे खासगीकरण करणाऱ्या १९९३ च्या कायद्यातच तरुण, वृद्ध आणि अपंग प्रवाशांच्या मान्य सवलत योजनांत सहभागी होण्याची अट गाड्या चालवणाऱ्या कंपन्यांच्या करारांत घालण्याची तरतूद केली गेली. त्यामुळे मालक बदलले तरी सवलत टिकली. भारतीय रेल्वेत साठ वर्षांवरील पुरुषांना ४० टक्के आणि अठ्ठावन्न वर्षांवरील स्त्रियांना ५० टक्के सूट होती, पण ती प्रशासकीय आदेशावर उभी होती आणि २०२० च्या मार्चमध्ये महासाथीच्या काळात तशाच आदेशाने थांबवली गेली. नंतर गाड्या पूर्ववत झाल्या तरी कित्येक वर्षे ती परतली नाही. व्यापारी हिशेबातून आलेली सवलत हिशेब बदलताच जाऊ शकते. तिला हक्काचे रूप द्यायचे असेल तर ती कायद्याच्या कलमात उतरवावी लागते.