जुना लॅपटॉप नेमका कुठे अडतो?

अनेक शाळांच्या कपाटात दहा-बारा वर्षांचा एखादा लॅपटॉप पडून असतो. तो सुरू होईपर्यंत तासिका निम्मी संपते, म्हणून 'आता जुना झाला' असे म्हणून आपण तो बाजूला ठेवतो. पण जुना झाला म्हणजे नेमके काय झाले? पंख्यात धूळ साचून तो तापत नसेल, तर त्याचा प्रोसेसर पहिल्या दिवशी जितका वेगवान होता तितकाच आजही असतो. वाढली आहेत ती त्याच्यावर टाकलेली कामे. मग थोडे पैसे घालून तो उपयोगात आणायचा, तर कोणता भाग बदलावा? याचे उत्तर संगणकाच्या इतिहासात सापडते.

१९५६ साली आयबीएम कंपनीने 'रॅमॅक' हा संगणक आणला. हार्ड डिस्क असलेला हा पहिला व्यापारी संगणक. त्याच्या डिस्कमध्ये २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या मिनिटाला १२०० फेरे घेत, आणि त्यांवर ५० लाख अक्षरे मावत. हवी ती नोंद गाठायला सुमारे ०.६ सेकंद लागे. पुढच्या पन्नास वर्षांत साठवण हजारो पटींनी वाढली; पण नोंद गाठण्याचा वेळ त्या मानाने फारच थोडा घटला. कारण उघड आहे: तबकडी फिरावी लागते आणि वाचणारा हात हलावा लागतो. लॅपटॉपमधली नेहमीची तबकडी मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद. हवी ती जागा समोर यायला सरासरी अर्धा फेरा लागतो. हात हलवायला आणखी दहा-बारा मिलिसेकंद. एकूण झाले सुमारे १७. एवढ्या वेळात २ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचे ३ कोटी ४० लाख ठोके होऊन जातात!

प्रोसेसर आणि डिस्क यांच्यामध्ये उभी असते मेमरी, म्हणजे रॅम. १९६२ साली मँचेस्टर येथे टॉम किलबर्न आणि सहकाऱ्यांनी 'ॲटलास' हा संगणक उभा केला. त्याची मुख्य मेमरी लहान होती. म्हणून तिच्यात न मावणारी माहिती फिरत्या चुंबकीय ड्रमवर ठेवून, लागेल तशी आपोआप आत-बाहेर करण्याची युक्ती त्यांनी काढली. आजचे संगणकही हेच करतात. पण मेमरी फारच अपुरी पडली, तर संगणकाचा सारा वेळ या ने-आणीतच जातो. १९६८ साली पीटर डेनिंग यांनी या अवस्थेची कारणे उलगडून दाखवली.

त्याच्या आदल्याच वर्षी, १९६७ मध्ये, जीन ॲमडाल यांनी एक साधा मुद्दा मांडला होता. अनेक प्रोसेसर एकत्र जोडले, तरी कामाचा जो भाग वाटून देता येत नाही, तोच एकूण वेग अडवून धरतो. हाच विचार आपल्या लॅपटॉपला लावू या. समजा, तो सुरू व्हायला ६० सेकंद लागतात. त्यांपैकी ४५ डिस्कची वाट पाहण्यात आणि १५ प्रोसेसरच्या कामात जातात. प्रोसेसर दुप्पट वेगवान केला, तर वेळ साडेबावन्न सेकंदांवर येईल. डिस्क नऊपट वेगवान केली, तर तो २० सेकंदांवर येईल.

अशी डिस्क शक्य झाली ती फ्लॅश मेमरीमुळे. जपानमधील तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका यांनी ती १९८० च्या दशकात विकसित केली. हिच्यात फिरणारे काहीच नाही. म्हणून नोंद गाठायला सुमारे ०.१ मिलिसेकंद पुरतो. २००८ च्या सुमारास अशा 'एसएसडी' लॅपटॉपच्या नेहमीच्या अडीच इंची डिस्कच्या जागेत बसू लागल्या.

हे सारे ठाऊक असूनही आम्ही एकदा चुकलो. प्रयोगशाळेतला एक लॅपटॉप फार रेंगाळतो म्हणून त्याची मेमरी दुप्पट केली. फरक जवळजवळ शून्य! मेमरी आधीच पुरेशी होती. अडत होते ते डिस्कपाशी. एसएसडी बसवल्यावर तो पुन्हा वापरात आला. आधी मोजावे, मग बदलावे, हा प्रयोगशाळेतला पहिला धडाच आम्ही विसरलो होतो.

तेव्हा मागचे झाकण उघडण्यापूर्वी वर्गातच एक प्रयोग करावा. लॅपटॉप सुरू होण्याचा वेळ विद्यार्थ्यांना घड्याळ लावून मोजू द्या. मग रोजचे काम चालू ठेवून 'टास्क मॅनेजर' उघडा. मेमरी सतत काठोकाठ भरलेली दिसली, तर मेमरी वाढवावी. मेमरी मोकळी आणि डिस्क मात्र सतत १०० टक्के गुंतलेली दिसली, तर डिस्क बदलावी. अर्थात आतल्या माहितीची प्रत आधी काढून ठेवूनच. दोन्ही मोकळी आणि प्रोसेसरच धापा टाकत असेल, तर पैसे खर्च करू नयेत. लॅपटॉपमध्ये तो बहुधा बोर्डावरच डाखलेला असतो. अनेक पातळ लॅपटॉपमध्ये मेमरीही तशीच असते, हे खरेदीआधी तपासावे.

बदल केल्यावर वेळ पुन्हा मोजावा आणि दोन्ही आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहावेत. ॲमडाल यांचा मुद्दा मग वेगळा शिकवावा लागणार नाही.