घरचा संगणक आणि आपली अक्षरे



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते आम्हांस नेहमी बजावीत की, बोललेले विरून जाते, लिहिलेलेच तेवढे उरते. लिहिलेलेही विरून जाऊ शकते, हे मला माझ्या घरच्या संगणकाने शिकविले. त्याचाच थोडा इतिहास आज सांगावयाचा आहे.

१९८१ च्या ऑगस्टमध्ये आयबीएम कंपनीने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला. पेटी उघडून आतील खाचेत नवे कार्ड बसवावे आणि यंत्राची शक्ती वाढवावी, अशी सोय त्यात होती. अशाच खाचेतून मराठीचाही प्रवेश झाला. कानपूरच्या आयआयटीत जन्मलेले ‘जिस्ट’ तंत्र पुण्याच्या सी-डॅकने पुढे वाढविले. त्याचे कार्ड बसविले की इंग्रजी यंत्राच्या पडद्यावर देवनागरी उमटे. १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ ही संहिता मान्य केली. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली आणि तीत देवनागरीसाठी १२८ जागा राखल्या गेल्या.

घरोघरी आले ते मात्र निराळेच. त्या काळच्या बहुतेक फॉन्टांनी इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसविले होते : कोठे काना, कोठे वेलांटी, कोठे अर्धे अक्षर. दिसावयास मराठी, यंत्राच्या लेखी इंग्रजी. आणि प्रत्येकाची मांडणी वेगळी.

१९९९ साली इंदुरात मी संगणक घेतला. त्याची निगा मी मनोभावे राखली. दिवाळीच्या साफसफाईत पेटी उघडून धूळ झाडावी, मेमरीच्या पट्टीची सोनेरी कड खोडरबराने पुसावी, घड्याळ मागे पडू लागले की आतील नाण्याएवढा सेल बदलावा. माळव्यातील वृद्ध मराठी माणसांच्या तोंडून टिपलेले सुमारे चार हजार शब्द मी त्यावर उतरविले आणि टिपणांचे कागद रद्दीत दिले.

२००९ साली हार्ड डिस्क खरखरू लागली. नवे यंत्र आणले, फायली सुखरूप उतरविल्या, जुने भंगारात दिले. फाईल उघडली, तो पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा नुसता चिवडा! एकही अक्षर हरवले नव्हते आणि एकही शब्द वाचता येत नव्हता. फॉन्ट जुन्या डिस्कबरोबर गेला होता. शब्द सांगणारे बहुतेक तोवर निवर्तले होते.

त्या रात्री मला आजोबांची ट्रंक आठवली. ते होळकर दरबारात कारकून. ट्रंकेत मोडी कागद भरलेले; घरात वाचणारा कोणी नाही. मोडी विसरावयास आमच्या घराला दोन पिढ्या लागल्या. येथे दहा वर्षे पुरली.

सुदैवाने एका माजी विद्यार्थ्याकडे तोच फॉन्ट सापडला. मजकूर दिसू लागला. पण पुढील यंत्रावर पुन्हा हाच प्रसंग येणार, म्हणून आम्ही तो युनिकोडमध्ये नेला. जुन्या मांडणीत ह्रस्व वेलांटी व्यंजनाआधी लिहिली जाई, युनिकोडमध्ये ती नंतर येते. रफाराचे नेमके उलट. चार हजार शब्द पुन्हा डोळ्यांखालून घालण्यात आठ महिने गेले.

आता मोडीलाही २०१४ पासून युनिकोडमध्ये स्थान आहे. पण स्थान मिळाल्याने कागद आपोआप वाचले जात नाहीत. ते काम माणसानेच करावयाचे असते. म्हणून माझी एवढीच विनंती. यंत्र जरूर बदला. मात्र प्रत्येक जुनी फाईल नव्या यंत्रावर उघडून, स्वतः वाचून पाहिल्याखेरीज जुने मोडीत काढू नका. आणि एक प्रत कागदावर ठेवा. आपल्या शाळेच्या त्या काळातील स्मरणिकाही अशाच कोण्या फॉन्टात अडकलेल्या असतील. ज्यांच्या घरी जुना संगणक अद्याप चालू आहे, अशा माजी विद्यार्थ्यांनी हे काम आजच हाती घ्यावे. जुनी यंत्रे फार दिवस थांबत नाहीत.