पहिला नग आणि लाखावा नग : थ्रीडी प्रिंटिंग कारखान्यात कसे पोहोचले



आजचा विषय थ्रीडी प्रिंटिंग. कारखान्यांच्या भाषेत त्याला ॲडिटिव्ह मॅन्युफॅक्चरिंग म्हणतात, म्हणजे थरावर थर चढवून वस्तू घडवणे. पण सुरुवात मी बंदुकीपासून करणार आहे. माजी सैनिक दुसरे काय करणार, असे तुम्ही म्हणाल. थोडा धीर धरा, संबंध लक्षात येईल.

१७८५ साली थॉमस जेफरसन अमेरिकेचे राजदूत म्हणून पॅरिसमध्ये होते. तिथे ऑनोरे ब्लाँ नावाच्या बंदूक बनवणाऱ्या माणसाने त्यांना एक गंमत दाखवली. बंदुकीचा बार उडवणारी जी चापाची यंत्रणा असते, तशा ५० यंत्रणा त्याने सुट्या करून खणाखणांत मांडल्या होत्या. जेफरसननी हाताला येईल तो तुकडा उचलला, जोडला, आणि तो बसला. आज आपल्याला यात काही विशेष वाटणार नाही. पण त्या काळी प्रत्येक बंदूक कारागीर कानशीने घासून, जुळवून बनवायचा. एका बंदुकीची स्प्रिंग दुसरीला लागत नसे. लढाईत एक तुकडा मोडला की अख्खी बंदूक कारागिराकडे परत जायची.

जेफरसन प्रभावित झाले आणि कल्पना अमेरिकेत पोहोचली. १७९८ मध्ये एली व्हिटनी यांनी दोन वर्षांत १०,००० बंदुका देण्याचे सरकारी कंत्राट घेतले. १८०१ मध्ये वॉशिंग्टनला बड्या लोकांसमोर त्यांनी सुटे भाग जोडून दाखवले. टाळ्या मिळाल्या, मुदतवाढही मिळाली. शेवटची बंदूक पोहोचायला मात्र १८०९ साल उजाडले. पुढे अभ्यासकांनी त्यांच्या शिल्लक बंदुका उघडून पाहिल्या, तेव्हा एकीचे भाग दुसरीत बसत नव्हते.

खरे काम हार्पर्स फेरी आणि स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्र कारखान्यांत झाले. हार्पर्स फेरीला जॉन हॉल यांनी १८२० च्या दशकात आपल्या रायफलीचे भाग खरोखर अदलाबदल करता येतील असे बनवून दाखवले. १८५४ मध्ये ब्रिटिश सरकारची एक समिती स्प्रिंगफील्डला गेली. त्यांनी १८४४ ते १८५३ या दहा वर्षांतली, दर वर्षाची एक, अशा दहा बंदुका निवडल्या. त्या सुट्या केल्या, भाग एकमेकांत मिसळले आणि एका कामगाराला जोडायला सांगितले. त्याने हातात फक्त पेचकस घेतला आणि दहाही बंदुका उभ्या केल्या. ब्रिटिशांनी तशी यंत्रे विकत घेऊन आपल्या एनफिल्डच्या कारखान्यात बसवली. एनफिल्ड हे नाव आपल्याला वेगळे सांगायला नको. १८५३ च्या नमुन्याच्या एनफिल्ड रायफलीच्या काडतुसांवरूनच पुढे १८५७ ची ठिणगी पडली.

१७८५ ते १८५४, म्हणजे ६९ वर्षे. एक नग जुळवून दाखवणे आणि हजारो नग एकसारखे बनवणे यांच्यामध्ये एवढे अंतर होते. ते अंतर कशाने भरून निघाले? यंत्रांनी, आणि त्याहून जास्त गेजने. प्रत्येक भागासाठी ठरलेले माप, ते तपासायचा पोलादी गेज, आणि गेजमध्ये न बसणारा भाग निर्दयपणे बाजूला काढणारा तपासनीस. हे मनात ठेवा, कारण थ्रीडी प्रिंटिंगचा इतिहास याच वाटेने गेला आहे.

आता १९८० च्या दशकात येऊ. जपानमध्ये नागोयाच्या नगरपालिकेच्या औद्योगिक संशोधन संस्थेत हिदेओ कोदामा यांनी प्रकाशाने घट्ट होणाऱ्या राळेतून थराथराने वस्तू घडवली आणि १९८१ मध्ये ते प्रसिद्धही केले. पण त्यांचे पेटंट पूर्ण झाले नाही. अमेरिकेत चार्ल्स हल अतिनील प्रकाशाने लेप घट्ट करणाऱ्या कंपनीत काम करत होते. १९८३ मध्ये त्यांनी डोळे धुवायचा एक छोटा पेला छापला. ऑगस्ट १९८४ मध्ये त्यांनी पेटंटचा अर्ज केला, मार्च १९८६ मध्ये ते मिळाले, आणि त्याच वर्षी थ्रीडी सिस्टिम्स ही कंपनी उभी राहिली. साधारण त्याच सुमारास टेक्सास विद्यापीठात कार्ल डेकार्ड लेसरने भुकटी वितळवून चिकटवण्याची पद्धत घडवत होते. १९९६ मध्ये जर्मनीत आखेनच्या फ्राउनहोफर संस्थेने धातूची भुकटी लेसरने पूर्ण वितळवण्याच्या पद्धतीचे पेटंट नोंदवले. आज विमानाचे आणि अग्निबाणाचे भाग बनतात ते मुख्यतः याच वाटेने.

पण ही यंत्रे विकली जात होती कशासाठी? त्या काळचे नावच सांगते : रॅपिड प्रोटोटायपिंग, म्हणजे झटपट नमुना. मोटार कंपनीचा इंजिनियर आरशाचे कवच किंवा पंपाचे झाकण छापायचा, हातात घेऊन बघायचा, बदल करायचा आणि मग साचा बनवायला द्यायचा. साचा लाखो रुपयांचा असतो, एकदा बनला की बदलणे महाग. त्यामुळे नमुना स्वस्तात मिळणे हीच मोठी कमाई होती. खरा माल मात्र ओतकामातून, फोर्जिंगमधून आणि लेथवरूनच यायचा.

हिशेब बघा. साच्याच्या पद्धतीत पहिला नग भयंकर महाग आणि लाखावा अगदी स्वस्त, कारण साच्याचा खर्च सगळ्यांत वाटला जातो. छपाईत साचाच नसतो, म्हणून पहिला नग स्वस्त. पण शंभरावा किंवा हजारावा नगही जवळपास तेवढ्याच किमतीला पडतो, कारण प्रत्येकाला यंत्राचे तितकेच तास लागतात. प्लॅस्टिकची बादली कोणी थ्रीडी प्रिंटरवर बनवत नाही, त्याचे कारण हे.

मग मोठ्या संख्येत ही पद्धत पहिल्यांदा कुठे टिकली? जिथे प्रत्येक नग वेगळाच हवा होता तिथे. कानातले श्रवणयंत्र घ्या. दोन माणसांचे कान सारखे नसतात. पूर्वी कवच कारागीर हाताने घडवायचे. २००० नंतर कानाचा ठसा स्कॅन करून कवच छापायची पद्धत आली आणि काही वर्षांतच तो सगळा धंदा बदलला. दुसरे उदाहरण दातांचे. १९९७ मध्ये स्थापन झालेल्या अलाइन टेक्नॉलॉजीने दात सरळ करणारे पारदर्शक ट्रे बाजारात आणले. प्रत्येक रुग्णाच्या प्रत्येक टप्प्यासाठी वेगळा साचा छापायचा आणि त्यावर ट्रे ओढायचा. म्हणजे लाखो नग, आणि दोन सारखे नाहीत.

पण कानातले कवच बिघडले तर माणूस दुकानात परत जातो. विमानाच्या इंजिनातला भाग बिघडला तर तो जाणार कुठे?

इथे मूळ अडचण सांगतो. लेथवर भाग बनवताना आपण आधी तपासलेली पोलादी सळई घेतो. धातू चांगला आहे हे अगोदरच माहीत असते, आपण फक्त आकार देतो. धातूच्या छपाईत आकार आणि धातू एकाच वेळी जन्माला येतात. यंत्र भुकटीचा पातळ थर पसरते, लेसर ठरलेल्या जागी ती वितळवतो, पुढचा थर पसरतो. एक थर साधारण ४० मायक्रॉनचा धरा, केसाहूनही बारीक. १० सेंटिमीटर उंचीच्या भागाला असे २,५०० थर लागतात. त्यातल्या एका थरात भुकटी नीट पसरली नाही, तिला ओल धरली, लेसरच्या काचेवर धूर बसला, तर आत सुईच्या टोकाएवढी पोकळी राहते. बाहेरून भाग चकचकीत दिसतो. काही हजार तासांनी तडा त्या पोकळीपासूनच सुरू होतो. गेज लावून हे कळत नाही, कारण माप बरोबरच असते.

म्हणून या क्षेत्राला नवा गेज शोधावा लागला. भुकटीच्या कणांचा आकार आणि तिच्यातला ऑक्सिजन मोजायचा. वापरलेली भुकटी किती वेळा परत वापरायची ते ठरवायचे. प्रत्येक छपाईबरोबर चाचणीचे तुकडे छापून ते ओढून तोडून बघायचे. भाग भट्टीत तापवून त्यातला ताण काढायचा. गरज असेल तिथे प्रचंड दाबाखाली पोकळ्या मिटवायच्या. माणसाचा करतात तसा भागाचा सीटी स्कॅन करायचा. आणि एकदा पद्धत मंजूर झाली की तिला कुलूप. परवानगीशिवाय यंत्रातला एक आकडाही बदलायचा नाही. २००९ मध्ये एएसटीएम या मानक संस्थेने या क्षेत्रासाठी स्वतंत्र समिती नेमली. मला ती घटना नव्या यंत्राइतकीच महत्त्वाची वाटते.

या शिस्तीचे सगळ्यात मोठे उदाहरण म्हणजे लीप इंजिन. जनरल इलेक्ट्रिक आणि फ्रान्सच्या साफ्रान यांच्या भागीदारीतले हे इंजिन. त्याच्या इंधन फवारणाऱ्या नॉझलचे टोक आतून इतके गुंतागुंतीचे होते की सुमारे २० तुकडे जोडून ते बनवावे लागले असते. ओतकामाचे आठ प्रयत्न फसले. शेवटी अमेरिकेतल्या सिनसिनाटीच्या मॉरिस टेक्नॉलॉजीज या छोट्या कंपनीने ते एकसंध छापून दिले. २० भागांचा एक भाग झाला, वजन एक चतुर्थांशाने घटले आणि टिकाऊपणा पाचपट झाला. २०१२ मध्ये जनरल इलेक्ट्रिकने ती कंपनीच विकत घेतली.

ही झाली जेफरसनसमोरची गंमत. पुढचे काम वेगळे होते. एका इंजिनाला अशी अठरा-एकोणीस नॉझल लागतात आणि इंजिनांची मागणी हजारोंत होती. अलाबामा राज्यातल्या ऑबर्न गावी कारखाना उभारला गेला, तिथे ओळीने यंत्रे बसली, आणि प्रत्येक यंत्रातून तोच भाग तसाच निघतो हे सिद्ध करावे लागले. २०१५ मध्ये अमेरिकेच्या विमान नियामकाने जनरल इलेक्ट्रिकच्या जीई-९० या दुसऱ्या इंजिनातला पहिला छापील भाग मंजूर केला. ते एका सेन्सरचे साधे कवच होते. सुरुवात अशीच करावी, कमी जोखमीच्या भागापासून. २०१६ मध्ये लीप इंजिने प्रवासी सेवेत आली. ऑक्टोबर २०१८ मध्ये ३०,००० वे नॉझल छापले गेले आणि २०२१ मध्ये एक लाखावे. इंडिगोच्या अनेक ए-३२० निओ विमानांना आणि आकासाच्या बोइंग ७३७ मॅक्सना हीच इंजिने आहेत. दिल्ली, बेंगळुरू, इंदूर, कुठूनही उडताना तुमच्यापैकी बरेच जण छापलेल्या भागांच्या भरवशावर प्रवास करून आले आहेत.

आता आपल्या देशाकडे. ९ मे २०२४ रोजी इस्रोने पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्याचे छापील पीएस-४ इंजिन ६६५ सेकंद चालवून दाखवले. १४ भागांचा एक भाग झाला आणि १९ वेल्डिंगचे जोड गेले. पूर्वी एका इंजिनासाठी ५६५ किलो धातू लागायचा, आता १३.७ किलो भुकटी पुरते. हे इंजिन छापले विप्रो थ्रीडी या भारतीय उद्योगाने. त्याच महिन्यात ३० मे रोजी चेन्नईच्या अग्निकुल या आयआयटी मद्रासमधून निघालेल्या कंपनीने एकसंध छापलेल्या इंजिनावर श्रीहरिकोट्याहून आपला अग्निबाण उडवला. अग्निबाण हे या पद्धतीचे योग्य क्षेत्र आहे : संख्या थोडी, गुंतागुंत मोठी, आणि वजनाचा प्रत्येक ग्रॅम महाग.

दुसरे योग्य क्षेत्र माझ्या परिचयाचे आहे, ते म्हणजे सुटे भाग. लष्करात साधनसामग्री तीस-तीस, चाळीस-चाळीस वर्षे चालते. बनवणाऱ्याने उत्पादन केव्हाच थांबवलेले असते आणि साचे भंगारात गेलेले असतात. एका छोट्या ब्रॅकेटसाठी किंवा पंपाच्या पात्यासाठी गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहिलेली मी पाहिली आहे. खिंड बर्फाने बंद झाली की प्रश्न आणखी बिकट होतो. वर्षाला पाच नग लागणाऱ्या भागासाठी कोणी साचा बनवणार नाही. तिथे छपाई वरदान आहे.

पण उत्साहाच्या भरात एक गोष्ट सुटू नये. भाग स्कॅन करून छापणे आता अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या मुलांनाही जमते. प्रश्न असा आहे की तो गाडीवर चढवण्याआधी "हा चालेल" अशी सही कोण करणार? दरवाजाची मूठ असेल तर कोणीही करेल. ब्रेकचा भाग असेल तर त्या सहीच्या मागे भुकटीची नोंद, चाचणीचे तुकडे, स्कॅन आणि प्रशिक्षित तपासनीस उभे असले पाहिजेत. कारण ती गाडी घाटातून उतरते तेव्हा मागे जवान बसलेले असतात. आपल्याकडे नव्या यंत्राच्या उद्‌घाटनाला फीत कापली जाते, हार घातले जातात. चाचणी प्रयोगशाळेला कोणी हार घालत नाही. माझ्या मते पैसा आणि माणसे तिथे आधी लागली पाहिजेत. २०२२ मध्ये केंद्र सरकारने या क्षेत्रासाठी राष्ट्रीय धोरण जाहीर केले. त्याचे यश मी किती यंत्रे विकली गेली यावर मोजणार नाही. किती भाग तपासणीतून उतरून कायमच्या सेवेत आले, यावर मोजेन.

तुमच्या मुला-नातवंडांपैकी कोणी या क्षेत्रात शिरत असेल, तर त्याला डिझाइनबरोबर धातुशास्त्र आणि गुणवत्ता तपासणी शिकायला सांगा. डिझाइन करणारे पुष्कळ मिळतात, खात्री देणारे थोडे. आणि पुढच्या वेळी "आम्ही अमुक छापले" अशी बातमी वाचलीत, की जरूर कौतुक करा आणि एक प्रश्न विचारा : हा कितवा नग, आणि पहिल्यासारखाच आहे का?

आज इथेच थांबतो. जय हिंद.